सतत चालणारी हार्ड डिस्क : कारणे व तपासणी

निकालपत्रके, हजेरीचे तक्ते आणि पत्रव्यवहार यांसाठी शिक्षकांच्या घरी जे जुने संगणक वापरात आहेत, त्यांच्याविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. संगणक सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली, कोणतेही काम हाती घेतलेले नाही, तरीही पुढील बाजूचा लहानसा दिवा अखंड लुकलुकतो, आतून खुरखुर ऐकू येते आणि साधी फाइल उघडण्यास मिनिटे लागतात. अशा वेळी संगणक बिघडला असे समजून तो दुकानात नेला जातो, किंवा त्रासून थेट विजेचे बटण बंद केले जाते. पहिला उपाय घाईचा आहे व दुसरा अपायकारक, कारण लिहिणे चालू असताना वीज तुटल्यास अर्धवट लिहिलेली फाइल निकामी होऊ शकते.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या फिरत्या तबकड्या व त्यांवरून पुढेमागे सरकणारा वाचन-लेखनाचा दांडा. आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली असे पहिले यंत्र आणले, तेव्हा त्यात ५० तबकड्या असून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते. तथापि तिची चाल तीच आहे. घरगुती संगणकातील डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास १२० फेरे, आणि एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो मजकूर दांड्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो. दांडा योग्य जागी सरकण्यास आणखी आठ-दहा मिलिसेकंद लागतात. यास्तव विखुरलेल्या ठिकाणचा मजकूर आणावयाचा झाल्यास डिस्कला सेकंदात सत्तर-ऐंशी खेपांपेक्षा अधिक खेपा करता येत नाहीत. संगणकाची चालू स्मृती, म्हणजे रॅम, याहून सुमारे लाखपट चपळ असते. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या तफावतीत आहे.

रॅम हे टेबल व डिस्क हे शेजारच्या खोलीतील कपाट मानावे. टेबल लहान आणि वह्या पुष्कळ असल्या, की नवी वही उघडण्यासाठी जुनी कपाटात ठेवून यावी लागते आणि पुन्हा तीच आणावयास जावे लागते. १९६२ साली मँचेस्टर येथील अ‍ॅटलस संगणकात अशी अदलाबदल यंत्राने आपोआप करण्याची सोय झाली. सोय उत्तमच, परंतु टेबल फारच तोकडे पडल्यास सारा वेळ जाण्यायेण्यातच खर्च होतो व काम ठप्प होते. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेची कारणमीमांसा केली. दोन-चार जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझरची दहा पाने एकदम उघडली, की हीच अवस्था प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

दुसरे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. संगणक मोकळा दिसला, की विंडोज आपली मागे पडलेली कामे काढते: सुधारित आवृत्ती उतरवून घेणे, विषाणूंसाठी फाइली तपासणे, शोधासाठी त्यांची सूची करणे, विखुरलेले तुकडे एकत्र लावणे. रोज वापरल्या जाणाऱ्या संगणकावर ही कामे निमूटपणे उरकतात. परंतु जो संगणक पंधरवड्यातून एकदा अर्धा तास सुरू होतो, त्यावर ती सर्व एकदम पुढे येतात, अपुरी राहतात आणि पुढील खेपेस पुन्हा डोके वर काढतात. मग संगणक ‘नेहमीच’ संथ वाटू लागतो. यावरचा इलाज बिनखर्ची आहे. वीज खात्रीची असेल अशा दिवशी, संगणक आपोआप झोपी जाण्याची योजना तात्पुरती बंद करून, तो तीन-चार तास तसाच चालू ठेवावा. पुष्कळदा तक्रार येथेच मिटते.

न मिटल्यास तपास करावा. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘डिस्क’ या मथळ्यावर टिचकी मारल्यास सर्वाधिक काम करणारा कार्यक्रम वर येतो. शेजारचा ‘मेमरी’चा आकडा नव्वदीच्या घरात असेल, तर दोष टेबलाचा आहे, अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत व शक्य तर रॅम वाढवावी. डिस्कपुढील शंभर टक्के हा आकडा पाहून मात्र घाबरू नये. तो डिस्क किती वेळ गुंतलेली आहे हे सांगतो, किती मजकूर हलला हे नव्हे.

विषाणूरोधक कायमचा बंद करा, असा सल्ला काही दुकानदार देतात. तो मानू नये. पेज फाइल काढून टाकण्याचा सल्लाही तसाच. त्याने दिवा शांत होईल, पण रॅम भरताच चालू कार्यक्रम कोसळतील.

निराळी काळजी घ्यावयाची ती एका लक्षणाबाबत. मजकूर अगदी थोडा हलत असता डिस्कचा प्रतिसाद शेकडो मिलिसेकंदांवर जात असेल, ठरावीक फाइलींवर संगणक अडत असेल, किंवा ‘टक्, टक्’ असा नियमित आवाज येत असेल, तर डिस्क स्वतःच खचत आहे असे समजावे. कधी सैल तारेनेही असे घडते. परंतु ती शंका मागाहून पाहता येते. अशा डिस्कवर दुरुस्तीचा कार्यक्रम प्रथम चालवू नये. तो सारी डिस्क वाचून काढतो, आणि त्या श्रमानेच ती कायमची बंद पडण्याचा संभव असतो. आधी विद्यार्थ्यांच्या नोंदी व निकाल दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत, त्यांतील दोन-चार फाइली तेथून उघडून पाहाव्यात, आणि मगच दुरुस्ती.

डिस्क बदलण्याची वेळ आलीच, तर फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घ्यावी. तिच्यात हलणारा भाग नसल्याने खेपांचा प्रश्न उरत नाही, व जुना संगणकही हुशारीने चालू लागतो. मात्र ती आवाज करीत नाही. बिघाडाची चाहूल कानाला लागणार नाही, म्हणून नोंदींची दुसरी प्रत तिच्या बाबतीतही ठेवावीच लागते.