चेनकेसमधील वंगण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मद्रासच्या तिरुवोट्टियूर येथील कारखान्यातून निघालेल्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सपर्यंत नेणारी दुपदरी साखळी आणि तिच्याच सोबतीने तेलात फिरणारा क्लच, ही दोन्ही डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये एकत्र नांदतात. साखळीच्या गरजा माफक असतात. क्लचच्या मात्र तशा नसतात, आणि ज्या तेलाने साखळीचे घर्षण कमी व्हावे त्याच तेलात क्लचच्या प्लेटांची पकड टिकली पाहिजे, ही दुहेरी अट ध्यानात न घेतल्यामुळेच पुढील समजुती रूढ झाल्या आहेत.

गैरसमज : इंजिनाचे ऑईल बदलले की चेनकेसचेही बदलले जाते.

वस्तुस्थिती : या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स व चेनकेस यांचे तेल स्वतंत्र असते, म्हणून चेनकेसमधील तेलाची तजवीज निराळी करावी लागते. पुढे आलेल्या एकसंध रचनेच्या, म्हणजे यूसीई, इंजिनात मात्र तिन्ही कामे एकच तेल करते. तेव्हा आपले इंजिन कोणत्या जातीचे, याची खातरजमा प्रथम करावी.

गैरसमज : ९० नंबरचे गिअर ऑईल पुष्कळ दाट, म्हणून साखळीला अधिक हितकारक.

वस्तुस्थिती : गिअर ऑईल आणि इंजिन ऑईल यांची मोजपट्टी भिन्न आहे, ९० क्रमांकाच्या गिअर ऑईलचा दाटपणा साधारणतः ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑईलइतकाच भरतो. शिवाय दातांवरील प्रचंड दाब सोसण्यासाठी त्यात मिसळलेली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये क्लचच्या अस्तरासाठी योजिलेली नसतात. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले २०डब्ल्यू-५० इंजिन ऑईल येथे पुरेसे आहे.

गैरसमज : मोटारीचे महागडे ऑईल सर्वांत उत्तम.

वस्तुस्थिती : इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये ज्या तेलात घातलेली असतात, त्या तेलात ओला क्लच घसरू लागतो, आणि इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी त्या मानाने वेग घेत नाही. म्हणून डब्यावर किमतीपेक्षा जासो एमए किंवा एमए२ ही मुद्रा शोधावी. ओल्या क्लचची पकड राखणाऱ्या तेलांसाठी असलेल्या जपानी मानकाची ती खूण होय. एमबी ही खूण कमी घर्षणाच्या तेलाची असून ओल्या क्लचसाठी ती नव्हे.

गैरसमज : स्वयंचलित गिअरबॉक्सचे एटीएफ सर्वत्र चालते.

वस्तुस्थिती : त्या तेलाची घडणच तेलातील क्लचसाठी असल्याने जुन्या ब्रिटिश गाड्यांचे कित्येक मालक ते स्वतंत्र चेनकेसमध्ये वापरतात, परंतु जेथे तेच तेल इंजिनासही पोहोचते, तेथे ते घालणे सर्वथा वर्ज्य समजावे.

गैरसमज : तेल काठोकाठ भरावे, आणि गळती असल्यास ग्रीस घालावे.

वस्तुस्थिती : गाडी डबल स्टँडवर उभी करून पातळीचा स्क्रू काढावा आणि त्या छिद्रातून तेल झिरपू लागताच भरणे थांबवावे. अधिक तेलाने प्लेटा नीट सुटत नाहीत, न्यूट्रल लागणे कठीण होते. ग्रीसने तर त्या एकमेकींना चिकटतात. गळतीचा बंदोबस्त झाकणाचे रबरी सील बदलून करावा.

क्लचची झीज आणि साखळीचा लोखंडी कीस याच तेलात साठत जातो व अल्टरनेटरच्या चुंबकालाही चिकटतो. म्हणून, तेल कितीही उत्तम निवडले तरी ते पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलण्याचा शिरस्ता पाळणे, हाच त्या निवडीचा उत्तरार्ध होय.