राखलेला डाव
(लेखांक सहावा)

खुराक आणि मेहनत यांचा विचार गेल्या दोन लेखांकांत झाला. आता त्या खुराकाचा हिशेब ठेवणारा वस्ताद आणि त्याच्या नजरेखाली घाम गाळणारा पठ्ठा यांच्या नात्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात. आणि ही समजूत केवळ कोल्हापूरच्या तांबड्या मातीतली नव्हे, कारण तेराव्या शतकातील फारसी कवी सादी याच्या ‘गुलिस्तान’मध्येही 360 डाव जाणणारा एक मल्ल शिष्याला 359 डाव शिकवतो आणि तो शिष्य उन्मत्त होऊन राजासमोर गुरूलाच आव्हान देतो, तेव्हा उरलेल्या एका डावाने त्याला आसमान दाखवतो. श्रोते वस्तादाच्या दूरदृष्टीला दाद देतात. मला मात्र, पठ्ठ्याच्या कृतघ्नतेची आगाऊ खातरजमा करून बसलेल्या या गृहस्थाने बाकीचे 359 डाव कोणत्या मनाने शिकवले असतील, याचेच कुतूहल वाटत आले आहे.

शिवाय राखण्याचा हा दस्तूर एकतर्फी राहत नाही. वस्ताद डाव राखतो, तसा पठ्ठा दुखणे राखू लागतो. गुडघा सुजल्याचे सांगितले तर मैदानातली जोड हातची जाईल, नाहीतर भर आखाड्यात कुचेष्टा होईल, या धास्तीने तो रात्री गुपचूप तेल चोळून पहाटे पुन्हा हौद्यात उतरतो, आणि वस्तादाला खबर लागते तेव्हा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते. ज्या तालमीत दुखणे सांगण्याची मुभा नाही, तिथली शिस्त कितीही देखणी दिसो, ती मुळात भयाचा अंमल असते.

राखण्याच्या या दस्तुराच्या उलट उदाहरण खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला मल्ल 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तेव्हा रीस गार्डनर या परक्या प्रशिक्षकाने त्याला अनोळखी गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले, आणि खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. मात्र तिथे एका लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या लढतीस उभे केले गेले आणि त्यांची कैफियत मांडायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगतात. डाव शिकवणे हे वस्तादाचे अर्धेच काम. आपल्या माणसाच्या बाजूने ऐन वेळी तोंड उघडणे हे उरलेले अर्धे होय.

शिवाजी पार्कावरचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर या हिशेबात कुठे बसवावेत, हे मला अद्याप नीट ठरवता आलेले नाही. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून, बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळेल आणि सचिन तेंडुलकर नाबाद राहिला तर त्याचे होईल, ही त्यांची युक्ती शिक्षणशास्त्राच्या शंभर व्याख्यानांच्या तोडीची. पण सामना बुडवून दुसऱ्यांचा खेळ पाहायला वानखेडेवर गेलेल्या त्याच सचिनला त्यांनी थप्पडही लगावली होती, आणि ती आज आपण प्रसादासारखी आठवतो. ही आठवण सांगतो कोण, तर तेंडुलकर. अशीच थप्पड खाऊन बॅट कायमची माळ्यावर टाकणाऱ्या कुण्या मुलाची कैफियत कोणाच्याच दप्तरी नोंदलेली नसते.

आचरेकरांनीही एक डाव राखलाच होता. पोरगा गाफील होऊ नये म्हणून ‘छान खेळलास’ एवढे दोन शब्द त्यांनी कधी तोंडातून काढले नाहीत. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण करताना शिष्याने हे सांगितले, आणि आता आपला एकही सामना उरलेला नसल्यामुळे सरांनी शाबासकी द्यायला हरकत नसावी, अशी भर मैदानात विनंती केली.