दत्तकपत्राच्या पुढचा कागद

समजा, मावळातल्या औंढे गावच्या एका घराने अमेरिकेत स्थायिक झालेल्या सख्ख्या काका-काकूंना मूल दत्तक द्यायचं ठरवलं. पहिला विचार गुरुजींचा आणि मुहूर्ताचा होतो, मग वडगाव मावळला जाऊन दत्तकपत्राची नोंदणी. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार, बाकीच्या अटी पाळल्या असतील तर, एवढ्यावर दत्तक पुरं होतं. दत्तहोमही सक्तीचा नाही. पण या कागदाने मुलाला आईबाप मिळतात, देश मिळत नाही. देश देणारे कागद वेगळे आहेत आणि त्यांचा क्रम चुकला की मूल अडकतं. म्हणून नागरिकत्वाचा प्रश्न दत्तकाच्या नंतरचा नव्हे, आधीचा मानायला हवा.

परदेशी दत्तकाविषयीचा हेग करार भारतात 2003 पासून लागू आहे आणि त्यातली एक मुख्य अट हीच आहे. मूल पोचेल तिथे त्याला कायमचं राहता येईल का, हे दत्तक होण्याआधी तपासायचं. नात्यातल्या दत्तकासाठी जिल्हा बालसंरक्षण कक्ष मुलाच्या घरची माहिती घेतो, तिकडची मान्यताप्राप्त संस्था दत्तक पालकांची चौकशी करते, दिल्लीची केंद्रीय दत्तक यंत्रणा ‘कारा’ दोन्ही ताडून पाहते आणि 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मग कराराचं पालन झाल्याचा दाखला, भारतीय पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा. बाल न्याय कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे सख्खे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा. चुलत-मावस नाती त्यात बसत नाहीत. अमेरिकेची हेगची वाटही तिथल्या नागरिकालाच खुली आहे, नुसत्या ग्रीन कार्डवाल्याला नाही. दत्तकपत्र आधीच झालं असेल तर 2021 पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या पडताळणीवरून ‘कारा’चं नाहरकत पत्र मिळू शकतं, पण ते पत्र म्हणजे व्हिसा नव्हे.

घरातलंच मूल घरात जातंय, त्यात सरकारचा काय संबंध, असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांचा राग मला समजतो. फाइल टेबलावर पडून असते तेव्हा मूल मोठं होत असतं, आणि अमेरिकेत अशा अर्जाला सहसा सोळा वर्षांच्या आतलंच वय चालतं. तरीही उत्तर इतिहासात आहे. पूर्वी परदेशी जोडप्याला इथलं न्यायालय 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व देई. दत्तक आणि नागरिकत्व तिकडे जाऊन करायचं. ते झालं की नाही, हे इथून नीट कुणी पाहत नसे. अमेरिकेने 2000 साली कायदा करून अशा मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं, पण 27 फेब्रुवारी 2001 रोजी अठरा पूर्ण झालेल्यांना वगळलं. 1989 मध्ये मुंबईतून दत्तक गेलेली एक मुलगी त्यातलीच. एका गुन्ह्यातल्या शिक्षेनंतर 2008 मध्ये अमेरिकेने तिला भारतात पाठवून दिलं. नवरा आणि मुलं तिकडे, आणि इथे ओळखीचं कुणी नाही. अर्ज भरायचं राहिलं ते मोठ्यांकडून. शिक्षा तिने भोगली. दिरंगाईवर उपाय मुदती पाळायला लावण्याचा आहे, तपासणी गाळण्याचा नाही.

आजही सगळं आपोआप होतं असं नाही. हेगच्या व्हिशात दोन प्रकार आहेत. आयएच-3 वर गेलेलं, भारतात दत्तक पुरं झालेलं अठराच्या आतलं मूल पालकांजवळ राहायला पोचताच नागरिक होतं आणि दाखला टपालाने घरी येतो. आयएच-4 वर गेलेल्याला ग्रीन कार्ड मिळतं. तिथे दत्तक पुरं झाल्यावरच नागरिकत्व लागू होतं आणि दाखल्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पासपोर्टातल्या त्या एका आकड्याचा अर्थ मूल देणाऱ्या घराला कुणीतरी मराठीत समजावून सांगायला हवा. दत्तकानंतर दोन वर्षं मुलाचे प्रगती अहवाल येतात. नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत आल्याशिवाय ‘कारा’ने ती फाइल बंद करू नये. आणि ज्यांच्या घरातलं मूल असं गेलं आहे, त्यांनी ते अठरा वर्षांचं होण्याआधी तिकडच्या पालकांकडून त्या दाखल्याची प्रत मागून घ्यावी.