मूठ, दांडा, शेंबी

चांदीच्या मुठीची जुनी काठी मोडीत नेली की सोनार मूठ उपटून तराजूत टाकतो आणि हाती आलेली रक्कम पाहून घरच्यांचा हिरमोड होतो. कारण अशी मूठ बहुधा भरीव नसते. वर चांदीचा पातळ पत्रा आणि आत राळ किंवा लाख, एवढाच तिचा ऐवज. काठीची खरी किंमत कारागिरीत असते आणि मूठ दांड्यापासून सुटली की आधी तीच जाते. चिंचणी-तारापूरच्या वाचकांना तरी हे पटायला वेळ लागू नये. मुठीवरची नक्षी ज्या रीतीने उठते, त्या रीतीवर या पट्ट्यातली कितीतरी घरं चालतात.

चिंचणी, वरोर, वाणगाव या भागात सोन्याचांदीच्या दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची. दागिन्यावर जिथे उंचवटा हवा, तिथे पोलादात खळगा. त्यावर पत्रा ठेवून दाबला की पानं-फुलं उठून येतात. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या पुष्कळशा चांदीच्या मुठी अशाच दोन अर्ध्यांत दाबल्या आणि नंतर झाळून जोडल्या. आपल्याकडच्या सोनारांची जुनी रीत वेगळी. पत्रा राळेवर बसवायचा आणि ठोक्याठोक्याने नक्षी उठवायची. जुनी मूठ उजेडात फिरवून पाहिली तर फरक कळतो. ठशाच्या मुठीला दोन बाजूंनी बारीक सांधा असतो आणि दोन्ही अर्ध्यांवरची फुलं बरेचदा हुबेहूब सारखी असतात. ठोकीव कामात मात्र एक पान दुसऱ्यासारखं उतरत नाही. मला ठोकीव काम अधिक जवळचं वाटतं. पण ठशाच्या कामाला कमअस्सल म्हणणाऱ्याने एकदा डाय कोरणाऱ्याशेजारी बसून पाहावं. पोलादात छिन्नी केसभर जास्त गेली, तर ती चूक पुढे प्रत्येक दागिन्यावर उमटत राहते.

काठीचा शौक फार जुना. १९२२ साली तूतनखामेनचं थडगं सापडलं, त्यात शंभराहून अधिक काठ्या निघाल्या. युरोपात कमरेची तलवार मागे पडली, तशी प्रतिष्ठितांच्या हाती काठी आली. काहींनी तलवार काठीतच दडवली. आपल्याकडे तीच गुप्ती. ती आता शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून वारशात आली असेल तर आधी चौकशी करावी.

दांड्याला शिसव, आबनूस, वेत असे प्रकार. त्यांत मलाक्का वेताला मान मोठा. हलका, लवचीक आणि वरच्या नैसर्गिक चकाकीमुळे वेगळ्या रंगरोगणाची गरज नसलेला. वेत असो की बांबू, आगीवर शेकून तो सरळ करणं हे हाताचं कसब आहे. जव्हार-विक्रमगडच्या बांबूकाम करणाऱ्यांना ते मुद्दाम शिकवावं लागत नाही. माणवेल या भरीव बांबूची काठी वजन पेलते. पोकळ बांबू दाबाखाली चिरतो. दांडा रंगवायचा म्हटलं की सावंतवाडीच्या लाखकामाचीही आठवण होते. चरकावर लाकूड फिरवत त्यावर रंगीत लाख टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते.

सजवलेली काठी ही केवळ साहेबी मिरवण्याची वस्तू होती, असं मानणं चुकीचं आहे. तारपा नाचात फेरीच्या म्होरक्याच्या हाती घुंगरं लावलेली काठी असते. ती जमिनीवर आपटून तो ताल धरतो. माउलींच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदाराने हातातला चांदीचा चोप उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. उलट दांडीयात्रेतल्या गांधीजींच्या काठीला कसलीच सजावट नव्हती. मंजेश्वरचे कवी गोविंद पै यांच्याकडून काका कालेलकरांकडे आणि कालेलकरांकडून गांधीजींकडे असा तिचा प्रवास सांगितला जातो.

मूठ हस्तिदंती असेल तर काळजी घ्यावी लागते. दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडच्या नकलेत सरळ, समांतर रेघा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या झाल्या. आधी भारतीय आणि मग आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. सांबरशिंगाची मूठही विकता येत नाही. ही बंदी योग्यच आहे. कुठलीही नक्षी हत्तीच्या जिवापेक्षा मोठी नाही.

दांड्याच्या खालच्या टोकाला बसवलेल्या शेंबीकडे कुणी पाहत नाही, पण काठी वापरातली होती की मिरवण्याची, हे तीच सांगते. पितळेच्या टोपीचं लोखंडी टोक एका बाजूने झिजलेलं असेल, तर धनी तिच्यावर भार टाकून चालत होता.

औषधाच्या दुकानात मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची काठी उंचीला कमी-जास्त करता येते, म्हाताऱ्या माणसासाठी ती सोयीचीच. तिच्याबद्दल तक्रार नाही. मागणं आहे ते डाय कोरणाऱ्यांकडे. हाताशी पोलाद आहे, छिन्नी आहे, दागिन्यांच्या नक्षीचा साठा आहे. माणवेलीच्या दांड्यावर बसेल अशी एक मूठ करून पाहा. आणि ज्यांच्या घरी जुनी काठी आहे, त्यांनी ती घासूनपुसून लखलखीत करू नये. मूठ, सांधा, शेंबी यांचे फोटो काढावेत, कोणाची होती ते कागदावर लिहावं आणि तो कागद काठीलाच बांधून ठेवावा.