कंटाळा मोजणारी खोली

बंगळुरूच्या दक्षिण टोकाला होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही कारखान्यांची वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका इथवर येते, आर. व्ही. रोडपासून १९ किलोमीटर, १६ स्थानकं. गाड्या चालकाविना धावू शकतील अशा बनावटीच्या. मग माणसाकडे काम काय उरतं? बघत राहणं. काहीही बिघडत नसताना तासन्‌तास पडद्याकडे बघत राहणं! आणि नेमकं हेच माणसाला जमत नाही.

दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाणबुड्या हुडकणाऱ्यांच्या नजरेतून ठिपके निसटत. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थने मग घड्याळासारखी एक तबकडी केली. काटा सेकंदाला एक घर सरके, क्वचित एकदम दोन. ती उडी दिसली की कळ दाबायची, बस्स. अर्ध्या तासातच माणसं ढेपाळू लागली. डोळे उघडे, काटा समोर, तरी उडी हुकलेली!

ही हुकलेली नजर पकडायला प्रयोगशाळा लागते. म्हैसूर विद्यापीठात एम. व्ही. गोपालस्वामींनी १९२४ मध्ये मानसशास्त्र विभाग सुरू केला. त्या काळातल्या प्रयोगशाळेला एक टेबल, काही उपकरणं आणि समोर एकटा माणूस पुरत असे. आता माणसासोबत त्याचं यंत्रही खोलीत आणावं लागतं. म्हणून सरकत्या भिंती, उचलता येणारी फरशी, तिच्याखाली तारा. तीच खोली आज नियंत्रण कक्ष, उद्या कॉकपिट. बंगळुरूतच हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था १९५७ पासून वैमानिकांच्या शरीरमनाचा असा अभ्यास करते आहे.

खरी जादू नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्यात. डोळ्यावर अदृश्य अवरक्त प्रकाश पडतो, बुबुळावरची त्याची चमक सेकंदाला शेकडो वेळा टिपली जाते. त्यातून कळतं, की माणसाने लाल दिव्याकडे पाहिलं होतं; तरीही त्याने काहीच केलं नाही, तर बहुधा तो त्याच्या ध्यानात आला नाही. खोलीच्या एकतर्फी काचेमागून विद्यार्थी हे बघतात. माझ्या मते प्रत्येकाला एकदा काचेपलीकडच्या खुर्चीतही बसवायला हवं. अशी खोली बांधताना पैसा मात्र बहुधा मोठ्या पडद्यांवर जातो, शांततेवर आणि प्रकाशावर नाही. ते चुकतं. बाहेरून एक हॉर्न ऐकू आला, तर कंटाळा मोडतो आणि प्रयोगही.

मॅकवर्थलाही असाच अनुभव आला होता. चाचणीच्या मध्यावर त्याने टेलिफोनवरून निरोप दिला, जरा आणखी नीट बघा. तेवढ्याने उड्या पुन्हा दिसू लागल्या.