साथरोगशास्त्राचा पहिला धडा : गावाची मोजणी

दौंड तालुक्यातील एका गावात तापाचे ३० रुग्ण आढळले आणि दुसऱ्यात २०, असे समजा. साथ कोठे अधिक? पहिल्या गावाची लोकसंख्या ६ हजार व दुसऱ्याची १ हजार असेल, तर हजारी प्रमाण अनुक्रमे ५ आणि २० येते. म्हणजे अधिक धोका दुसऱ्या गावाला! अंशाइतकाच छेदही महत्त्वाचा, हा साथरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणातील पहिला धडा होय. वर्गात तो पाच मिनिटांत समजतो. प्रत्यक्ष गावात मात्र छेद शोधणे हेच सर्वांत कठीण काम ठरते.

वढूची प्रयोगशाळा

शेजारच्या शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळामुळे सर्वपरिचित आहे. येथेच पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्यसेवेचे काम उभे केले. १९९३ मध्ये डॉ. कोयाजी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००२ मध्ये केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत लोकसंख्या व आरोग्याची सातत्यपूर्ण नोंद सुरू केली. घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर टिपण्याची ही पद्धत आहे. घरी झालेल्या मृत्यूचे कारण ठाऊक नसल्यास कुटुंबीयांकडून लक्षणे क्रमवार जाणून घेतली जातात व त्यावरून डॉक्टर संभाव्य कारण ठरवतात.

सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर या औद्योगिक पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कामगार सतत येतात-जातात. नवा कामगार यादीत नसेल, पण रुग्णालयात आला, तर अंश वाढतो, छेद तोच राहतो आणि रोग फुगून दिसतो. गाव सोडून गेलेल्याचे नाव यादीत राहिले, तर उलट घडते. ‘रहिवासी’ कोणास म्हणावे, याचा नियम आधीच ठरवावा लागतो तो यासाठी.

नोंदीतून लसीपर्यंत

अशा शिस्तीचे फळ रोटाव्हायरस लसीच्या चाचणीत दिसले. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याचे केईएम केंद्र अशा तीन ठिकाणी २०११-१२ मध्ये ६,७९९ बालके त्यात सामील झाली. दोन हिश्शांना लस व एका हिश्शाला औषधरहित द्रव देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली.

शिक्षणाच्या वाटा

एमबीबीएसनंतर सामुदायिक वैद्यकशास्त्रात तीन वर्षांची एमडी करता येते. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ मध्ये क्षेत्रीय प्रशिक्षणावर आधारित दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून साथीचा शोध घेणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अनेक संस्थांत अन्य शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो.

संख्याशास्त्र व संगणक आवश्यक आहेतच. परंतु अभ्यासाचा हेतू मराठीत समजावून सांगणे, संमती घेणे आणि नकाराचा मान राखणे हेही प्रशिक्षणच आहे. ज्याची नोंद नाही, त्याचा आजार हिशेबात येत नाही आणि त्याच्यासाठी औषध वा लसही मागविली जात नाही.