हात बसावा कसा? कोयकलमाच्या सरावाविषयी काही सूचना

आंब्याच्या कोयकलमाचे प्रात्यक्षिक झाले, शिकणाऱ्याने त्याच दिवशी वीस-पंचवीस कलमे बांधली व शेवटची कलमे नीटनेटकी उतरली, म्हणजे सर्वांना समाधान वाटते. परंतु पंधरवड्याने तोच शेतकरी आपल्या पडवीत एकटा बसला की काप वाकडा जातो, सांधा सैल राहतो आणि कलमे सुकतात. कोयकलमासाठी रोप अगदी कोवळे, सुमारे आठ ते पंधरा दिवसांचे लागते. ते दिवस निघून गेले की त्या रोपांवर कोयकलम साधत नाही. म्हणून हाताला आलेले कौशल्य हंगामापर्यंत टिकणे महत्त्वाचे आहे.

सरावाच्या दिवशी हात चालणे व कौशल्य अंगी मुरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लागोपाठ एकच क्रिया केल्याने हात तात्पुरता सरावतो. काही दिवसांच्या खंडानंतरही जे उरते, तेच खरे शिक्षण होय.

ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकविण्याचा एक प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. रोज एकच तास सराव करणाऱ्यांना, रोज चार तास करणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. दिवस मात्र अधिक लागले, आणि आपली प्रगती मंद आहे असे वाटून तेच अधिक असमाधानी राहिले. शिकणाऱ्याचे समाधान हे शिक्षणाचे खात्रीचे माप नव्हे, हा यातील बोध आहे.

अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात हाताच्या तीन हालचाली शिकविल्या गेल्या. एकेक हालचाल सलग घोटणाऱ्यांचे काम सरावाच्या वेळी सरस दिसले. परंतु दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत, तिन्ही हालचाली आलटून पालटून करणारे पुढे होते. प्रत्येक वेळी कृती नव्याने आठवावी लागल्याने ती पक्की होते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच छाटणीतल्या टाकाऊ काड्यांवर पुढीलप्रमाणे सराव द्यावा :

१. एकाच दिवशी तीन तास न बसविता रोज अर्धा तास, असे सहा दिवस बसवावे. मधल्या रात्रीची झोपही शिकलेले पक्के होण्यास साहाय्य करते.

२. प्रथम खुंटावर चार ते पाच सेंटीमीटर खोल उभी चीर, काडीला तितक्याच लांबीची पाचर व पॉलिथिनची पट्टी बांधणे या क्रिया वेगवेगळ्या दाखवाव्यात. त्या समजल्यावर प्रत्येक वेळी संपूर्ण कलम बांधवावे. जाड व बारीक काड्या मिसळून द्याव्यात.

३. प्रत्येक कापाला चूक सांगू नये. निदान एका बाजूस तरी साल सालीला भिडली आहे काय, हे शिकणाऱ्यास आधी स्वतः पाहू द्यावे. मग सुधारणा सांगावी. सदैव दुसऱ्याच्या सांगण्यावर चालणारा हात एकटा पडला की अडखळतो.

४. आठवड्याने, काही न सांगता, पाच कलमे बांधून घ्यावीत. त्यांवरूनच हात बसला की नाही हे ठरवावे.

शेतकरी बंधूंनीही पहिल्या दिवसांतील मंद गतीने खचून जाऊ नये. थोडा परंतु नित्य सराव केलेला हात ऐन पावसात, कोवळी रोपे वाट पाहत असताना, दगा देत नाही.